लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा आणि प्रत्यक्ष नाभीय अंतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी आणि संकेश्वर या पट्ट्यातील स्टुडिओवाले, लग्नाचे फोटो काढणारे, पक्ष्यांमागे हिंडणारे आणि नुकताच पहिला कॅमेरा घेतलेले विद्यार्थी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतील एका विषयावरचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. लग्नसराई संपत आली की आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीनंतर हे प्रश्न विशेष वाढतात, कारण त्याच दिवसांत एकाचे झूम दुसऱ्याच्या हातात जाते आणि दोघांच्या चौकटीत फरक दिसू लागतो.

१. लेन्सवर ‘५० मिमी’ लिहिलेले असते, ते नेमके कशाचे माप आहे?

ते लेन्सच्या नळीच्या लांबीचे माप नाही. शाळेत बहिर्गोल भिंगाने उन्हात कागद जाळण्याचा प्रयोग आपण सर्वांनी केला आहे. कागदावरचा ठिपका सर्वांत बारीक होतो त्या वेळी भिंग आणि कागद यांतील अंतर म्हणजे त्या भिंगाचे नाभीय अंतर, अर्थात फोकल लेंथ. सूर्य व्यवहारतः अनंत अंतरावर असल्यामुळे हे माप बरोबर येते. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये मात्र एकामागे एक अनेक भिंगे असतात, त्यामुळे अंतर कोठून मोजायचे हा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी प्रकाशशास्त्रात ‘मुख्य प्रतल’ नावाचे एक काल्पनिक प्रतल मानले जाते आणि तेथून सेन्सरपर्यंतचे अंतर मोजले जाते. टेलिफोटो रचनेत हे प्रतल लेन्सच्या पुढच्या काचेच्याही बाहेर असू शकते, म्हणूनच ३०० मिमीची लेन्स ३०० मिमीपेक्षा आखूड बनवता येते. एसएलआरसाठी (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यासाठी) बनवलेल्या वाइड लेन्समध्ये ते उलट मागे, आरशाच्या जागेकडे सरकवलेले असते. त्यामुळे टेप किंवा पट्टी लावून कोणत्याही लेन्सचे नाभीय अंतर कळत नाही.

या व्याख्येत दोन अटी दडलेल्या आहेत: फोकस अनंतावर असला पाहिजे, आणि माप चौकटीच्या मध्याजवळच्या किरणांवरून घेतलेले असले पाहिजे. पुढची बहुतेक उत्तरे या दोन अटींमधूनच निघतात.

२. मग अनंतावर फोकस असतानाही प्रत्यक्ष आकडा छापील आकड्याशी तंतोतंत का जुळत नाही?

कारण छापलेला आकडा हे त्या लेन्सचे नाव असते. २४, २८, ३५, ५०, ८५, १०५, १३५ ही नावांची रूढ मालिका आहे आणि फोटोग्राफर त्या नावांनीच विचार करतो. लेन्स आखणाऱ्याला मात्र तीक्ष्णता, कडांवरचा रंगदोष, वजन आणि किंमत यांचा मेळ बसवायचा असतो. ५० च्या लेन्सचा सर्वांत चांगला मेळ ५१.५ वर बसत असेल, तर तो ५१.५ ची लेन्स बनवतो आणि नळीवर ५० छापले जाते. शिवाय काच ओतताना, घासताना आणि भिंगे बसवताना होणाऱ्या सूक्ष्म फरकांमुळे एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन लेन्सही थोड्या वेगळ्या असतात.

झूम लेन्समध्ये आणखी एक कल दिसतो. लांब टोकाला प्रत्यक्ष आकडा छापील आकड्यापेक्षा किंचित कमी आणि रुंद टोकाला किंचित जास्त असणे, हे अनेक लेन्सच्या बाबतीत आढळते. म्हणजे पूर्णांकात आणताना आकडा नावाला शोभेल अशा बाजूला नेलेला असतो.

३. हा फरक किती असला तर चालतो? ही ग्राहकाची फसवणूक नाही का?

छापील आकड्याच्या सुमारे पाच टक्क्यांपर्यंतचा फरक या व्यवसायात सर्वसाधारणपणे मान्य धरला जातो. २०० मिमीवर पाच टक्के म्हणजे १० मिमी. १९० मिमीची लेन्स ‘२००’ या नावाने विकणे त्या मर्यादेत बसते. चित्रात हा फरक अर्धे पाऊल पुढे टाकण्याइतका असतो आणि त्याला फसवणूक म्हणणे मला योग्य वाटत नाही.

एखाद्या कंपनीला हा आकडा अचूक सांगावासा वाटला की ती तो सांगू शकते, याचे सुंदर उदाहरण लायका कंपनीच्या ५० मिमी लेन्सचे आहे. या लेन्सचे प्रमाण नाभीय अंतर ५१.६ मिमी मानलेले आहे. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात फोकसची यांत्रिक जुळणी लेन्सच्या खऱ्या नाभीय अंतरावर अवलंबून असल्यामुळे, अनेक लेन्सवर अनंताच्या खुणेजवळ दोन अंकी बारीक आकडा कोरलेला आढळतो. तेथे ‘१९’ असेल, तर ती विशिष्ट लेन्स ५१.९ मिमीची आहे असे समजावे. ज्यांच्या घरी आजोबांच्या काळातली अशी लेन्स कपाटात पडून असेल, त्यांनी बहिर्गोल भिंग हाती घेऊन तो आकडा जरूर पाहावा.

४. माझे ७०-२०० मिमीचे झूम आणि मित्राचे ७०-२०० शेजारी धरले, दोन्ही २०० वर होती, तरी माझ्यात मेंदीचा हात लहान दिसतो. माझी लेन्स सदोष आहे का?

बहुधा नाही. सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, त्यामुळे येथे थोडे सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी खानापूरच्या एका लग्नात मी स्वतः याच अनुभवातून गेलो. नवीन घेतलेल्या झूममधून वधूच्या हाताचा फोटो जुन्या झूमइतका मोठा येईना. दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन लेन्स परत घेण्याचा आग्रह धरला. दुकानदाराने वाद घातला नाही. त्याने दोन्ही लेन्स आळीपाळीने कॅमेऱ्याला लावल्या, खिडकीतून दूरवरच्या पाण्याच्या टाकीचा फोटो घेतला आणि दोन्ही चित्रे माझ्यासमोर ठेवली. टाकीची शिडी, तिच्या पायऱ्या, कठडा, सगळे एकाच मापाचे होते. मग त्याने काउंटरवरच्या बिलबुकाचा फोटो दोन्ही लेन्समधून काढला, तेव्हा मात्र एकात बिलबुकाने चौकट भरली आणि दुसऱ्यात चहूबाजूंनी काउंटरची काच दिसत राहिली.

याचे कारण आतल्या आत होणारे फोकसिंग आहे. आजच्या बहुतेक झूममध्ये फोकस करताना नळी लांब होत नाही. आतील एक हलका भिंगसमूह पुढेमागे सरकतो. भिंगसमूहांतील परस्पर अंतर बदलले की संपूर्ण लेन्सचे नाभीय अंतरही बदलते, आणि जवळ फोकस करताना ते बहुधा कमी होते. फोकसबरोबर चौकट अशी आकुंचन-प्रसरण पावते म्हणून तिला ‘फोकस ब्रीदिंग’ म्हणतात.

हे घरबसल्या मोजता येते. माहितीपत्रकात दोन आकडे दिलेले असतात: फोकसचे किमान अंतर आणि कमाल विशालन (सेन्सरवरची प्रतिमा मूळ वस्तूच्या जास्तीत जास्त किती पट येते, तो आकडा). दोन हा आकडा, विशालन, आणि एकाला विशालनाने भागून येणारा आकडा या तिघांची बेरीज करावी, आणि किमान अंतराला त्या बेरजेने भागावे. मुख्य प्रतलांमधील अंतर यात धरलेले नसल्यामुळे उत्तर अंदाजे असते, पण उपयोगी असते. निकॉनच्या २००९ मधील ७०-२०० एफ/२.८ ‘व्हीआर दोन’ लेन्सचे किमान अंतर १.४ मीटर आणि कमाल विशालन ०.१२ पट आहे. बेरीज १०.४५ होते, १४०० मिमीला तिने भागले की सुमारे १३४ मिमी येतात. म्हणजे नळीवर २०० असताना, सर्वांत जवळ ती १३४ च्या आसपासची लेन्स असते. २०१६ मध्ये आलेल्या तिच्या पुढच्या आवृत्तीचे आकडे १.१ मीटर आणि ०.२१ पट आहेत, त्यावरून सुमारे १५८ मिमी येतात. कॅननच्या ईएफ ७०-२०० एफ/२.८ ‘आयएस दोन’ लेन्सचे आकडे १.२ मीटर आणि ०.२१ पट, म्हणजे सुमारे १७२ मिमी.

चित्राच्या भाषेत सांगायचे तर फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यात ०.१२ पट विशालनाला चौकटीत ३०० मिमी रुंदीचा भाग येतो, आणि ०.२१ पट विशालनाला केवळ १७१ मिमीचा. मेंदीचा हात, मंगळसूत्र, मुंडावळ्या यांच्या फोटोंत हा फरक मोठा आहे. व्यासपीठावर उभ्या जोडप्याच्या फोटोत तो जवळजवळ जाणवत नाही, आणि दूरच्या चित्ररथावर तर मुळीच नाही.

५. असे असेल तर कंपन्या आतले फोकसिंग का वापरतात?

कारण त्याचे फायदे खरे आहेत. हलका समूह वेगाने सरकतो, त्यामुळे ऑटोफोकस चपळ होतो. नळीची लांबी आणि तोल बदलत नाही. धूळ आणि पाऊस आत शिरण्याच्या फटी कमी होतात. पुढची काच फिरत नाही, म्हणून पोलरायझर लावलेला तसाच राहतो. खानापूरच्या जंगलपट्टीत पावसाळ्यात काम करणाऱ्याला याचे मोल सांगावे लागत नाही. माझी तक्रार एवढीच आहे की जवळच्या अंतरावर नाभीय अंतर किती उरते, हे माहितीपत्रकात सरळ एका ओळीत छापले जात नाही आणि ग्राहकाला ते प्रश्न ४ मधील रीतीने काढावे लागते. ही एक ओळ छापली जावी, असे मला मनापासून वाटते.

६. माझी जुनी ५० मिमी लेन्स फोकस करताना पुढे सरकते. तिच्यातही असाच फरक पडतो का?

पडतो, पण उलट दिशेने. या लेन्समध्ये सगळी भिंगे मिळून एकत्र पुढे जातात, त्यांची परस्पर अंतरे बदलत नाहीत, म्हणून नाभीय अंतर तेच राहते. मात्र लेन्स सेन्सरपासून दूर गेल्यामुळे चौकटीत येणारा कोन अरुंद होतो. विशालन ०.१५ पट असेल, तर ५० ची लेन्स ५७.५ मिमीइतका कोन देते. ५० एफ/१.८ जातीच्या अनेक लेन्स ०.४५ मीटरवर साधारण एवढेच विशालन देतात. त्यामुळे ‘जुन्या लेन्स ब्रीदिंग करत नाहीत’ हा समज चुकीचा आहे. त्यांत फोकस जवळ येताना चौकट घट्ट होते, आणि प्रश्न ४ मधील झूममध्ये ती अपेक्षेपेक्षा सैल राहते.

७. १०० मिमी मॅक्रो लेन्स १:१ वर किती मिमीची असते?

१:१ वर, म्हणजे विशालन एक पट असताना, प्रश्न ४ मधील बेरीज बरोबर ४ येते, म्हणून किमान अंतराला चाराने भागले की पुरते. कॅननच्या ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल मॅक्रो लेन्सचे किमान अंतर ०.३० मीटर आहे. उत्तर सुमारे ७५ मिमी. निकॉनच्या १०५ मिमी व्हीआर मायक्रो लेन्सचे ०.३१४ मीटर, उत्तर सुमारे ७८ मिमी.

बेडूक आणि कीटकांचे फोटो काढणाऱ्यांसाठी याचा अर्थ व्यावहारिक आहे. १०० च्या नावावर विसंबून जेवढे अंतर राखता येईल असे वाटते, त्यापेक्षा लेन्स प्राण्याच्या जास्त जवळ न्यावी लागते आणि प्राणी बिचकतो. मॅक्रो निवडताना नावापेक्षा, १:१ वर लेन्सच्या पुढच्या काचेपासून विषयापर्यंत किती जागा उरते, हा आकडा विचारावा.

८. फोटोच्या एक्झिफ माहितीत (कॅमेरा फोटोच्या फाइलमध्ये करतो त्या नोंदीत) तर ‘२०० मिमी’ असेच येते. कॅमेरा खोटे सांगतो का?

कॅमेरा ते मोजत नाही. लेन्समधील चिप झूमच्या कड्याची स्थिती कळवते आणि त्या स्थितीसाठी ठरवून दिलेला नाममात्र आकडा चित्रात नोंदवला जातो. म्हणून काही झूममध्ये १३५ नंतर एकदम १४० असे टप्प्याटप्प्याने आकडे येतात. फोकस जवळ नेल्याने झालेला बदल त्या नोंदीत सहसा उतरत नाही.

९. क्रॉप कॅमेऱ्यावर लावले की ५० ची लेन्स ७५ ची होते ना? आणि मोबाइलवर ‘२४ मिमी’ कसे?

नाभीय अंतर हा लेन्सचा गुण आहे. कॅमेरा बदलल्याने तो बदलत नाही. एपीएस-सी सेन्सर लहान असल्यामुळे चित्राच्या कडा कापल्या जातात आणि फुल फ्रेमवर ७५ ची लेन्स जेवढा कोन दाखवेल तेवढा दिसतो. कॅननच्या एपीएस-सीसाठी ही पट १.६, इतर बहुतेकांसाठी १.५ आणि मायक्रो फोर थर्ड्ससाठी २ आहे.

मोबाइलच्या लेन्सचे खरे नाभीय अंतर काही मोजक्या मिलिमीटरचेच असते. ‘२४ मिमी’ हा फुल फ्रेमच्या तुलनेत सांगितलेला समतुल्य आकडा आहे. एक्झिफमध्ये अनेकदा दोन्ही नोंदी शेजारी असतात. फोटो उघडून पाहावे.

१०. माझ्या लेन्सचे खरे नाभीय अंतर मी स्वतः कसे मोजू?

दोन रीती मी वापरतो. दोन्हींत फोकस दूर ठेवायचा आणि चित्राची रॉ फाइल कोणतीही दुरुस्ती न लावता वापरायची (कारण प्रश्न ११ मध्ये आहे). एका पिक्सेलची रुंदीही आधी काढून ठेवावी: सेन्सरच्या रुंदीला आडव्या पिक्सेलसंख्येने भागावे. ३६ मिमी रुंदीत ६००० पिक्सेल असतील, तर एक पिक्सेल ०.००६ मिमीचा.

पहिली रीत क्रिकेटच्या मैदानावरची आहे आणि ती ३५ ते १०० मिमीच्या लेन्सना बरी पडते. दोन्ही टोकांच्या मधल्या यष्टींमधील अंतर २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर, हे कोणीही न सांगता आपल्याला ठाऊक असते. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोसारख्या मोकळ्या जागेत सकाळी खेळ सुरू होण्यापूर्वी जावे. तयार खेळपट्टी नसेल, तर टेपने तेवढ्या अंतरावर दोन यष्ट्या रोवाव्यात. त्यांच्या बरोबर मध्यापासून काटकोनात ६० मीटर टेपने मोजून ट्रायपॉड लावावा आणि दोन्ही यष्ट्या चौकटीत मध्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर घ्याव्यात. चित्रात त्यांच्यामधील पिक्सेल मोजून मिलिमीटरमध्ये आणावेत आणि २.९८ ने गुणावे. ८५ च्या लेन्सने ४६०० पिक्सेल आले, तर २७.६ मिमी, आणि गुणाकार सुमारे ८२.२ मिमी. अंतर मोजण्यात ६० सेंटिमीटरची चूक झाली तर उत्तरात एक टक्क्याची चूक येते, म्हणून टेप ताणून धरावा.

दुसरी रीत आकाशाची आहे आणि लांब लेन्ससाठी तीच खरी, कारण तारे खरोखरच अनंतावर असतात. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी सप्तर्षी उत्तरेकडे चांगले वर आलेले असतात. चौकोनातील क्रतू आणि पुलह, ज्यांच्या रेषेवरून आपण ध्रुवतारा शोधतो, त्या दोन ताऱ्यांमधील कोन ५.३७ अंश आहे. जांबोटीच्या पुढे, शहराचा उजेड मागे टाकून, ट्रायपॉडवर एक सेकंदाचा फोटो घ्यावा आणि दोन्ही तारे मध्याच्या दोन बाजूंना ठेवावेत. त्यांच्यामधील अंतर मिलिमीटरमध्ये काढून ०.०९३८ ने भागावे. अचूक २०० मिमीच्या लेन्सला वरील सेन्सरवर सुमारे ३१२६ पिक्सेल यायला हवेत. ३०२० आले, तर लेन्स सुमारे १९३ मिमीची आहे.

११. वाइड लेन्समध्ये सॉफ्टवेअरची विकृती-दुरुस्ती चालू-बंद केली की चौकट बदलते. खरे नाभीय अंतर कोणते धरायचे?

दुरुस्तीपूर्वीच्या चित्राच्या मध्यभागातून येणारे. सरळ रेषा सरळ दाखवणाऱ्या आदर्श लेन्समध्ये मध्यापासूनचे अंतर हे नाभीय अंतर गुणिले कोनाची स्पर्शज्या एवढे असते. पिंपासारखी फुगवट विकृती असली की कडेचा भाग आत ओढला जातो आणि छापील आकड्यावरून हिशेब केला असता त्यापेक्षा जास्त कोन चौकटीत मावतो. सॉफ्टवेअर तो भाग पुन्हा ताणते आणि कडा कापते. मिररलेस कॅमेऱ्यांच्या अनेक आधुनिक वाइड लेन्स ही दुरुस्ती गृहीत धरूनच आखलेल्या असतात. फिशआय लेन्सचा हिशेबच वेगळा आहे. तिच्या मिलिमीटरची सामान्य वाइड लेन्सच्या मिलिमीटरशी कोनासाठी तुलना करू नये.

१२. फिल्टर, क्लोजअप काच, टेलिकन्व्हर्टर आणि एक्स्टेन्शन ट्यूब यांनी नाभीय अंतर बदलते का?

पुढे लावलेल्या सपाट फिल्टरने बदलत नाही. क्लोजअप काचेने बदलते: ५० मिमीच्या लेन्सची शक्ती २० डायॉप्टर (१००० भागिले मिमी) असते, तिच्यावर २ डायॉप्टरची काच लावली की २२ होतात, म्हणजे सुमारे ४५.५ मिमी. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा टेलिकन्व्हर्टर खऱ्या आकड्याला गुणतो, छापील आकड्याला नव्हे. १९३ च्या लेन्सवर २ पटीचा लावला तर ३८६ मिळतात. ट्यूबमध्ये काच नसल्यामुळे ती नाभीय अंतर बदलत नाही, केवळ लेन्स पुढे नेते आणि प्रश्न ६ मधील परिणाम वाढवते.

१३. हलशीच्या देवळातील शिलालेखाचे माप फोटोवरून काढायचे आहे. अंतर मोजले आहे. लेन्सवरचा आकडा वापरू का?

कृपया वापरू नये. कदंबकालीन लेखांच्या नोंदी करणाऱ्या अभ्यासकांकडून हा प्रश्न येतो आणि त्यांचे काम पुढच्या पिढ्या वापरणार असल्यामुळे मी आग्रहाने लिहितो. लेख जवळून टिपला जातो, म्हणजे नाममात्र आकड्याची चूक आणि ब्रीदिंग या दोन्ही गोष्टी एकदम हिशेबात शिरतात, आणि मापात दहा-वीस टक्क्यांची चूक सहज राहू शकते. शिलेच्याच प्रतलात, अक्षरांना न टेकवता, सेंटिमीटरची पट्टी ठेवून फोटो घ्यावा. मग नाभीय अंतराची गरजच उरत नाही. अनेक फोटोंवरून त्रिमितीय प्रतिकृती करणारी सॉफ्टवेअर नाभीय अंतर चित्रांवरूनच नव्याने काढतात, मात्र त्यासाठी सर्व फोटो होईपर्यंत झूम आणि फोकस दोन्ही हलवू नयेत. कड्यावर कागदी चिकटपट्टी लावून टाकावी.

१४. लग्नाच्या व्हिडिओत फोकस वरावरून वधूवर नेला की चौकट हलल्यासारखी दिसते. उपाय काय?

हे ब्रीदिंगच आहे. सोनीच्या काही कॅमेऱ्यांत त्याची भरपाई करण्याची सोय आहे. ती ठरावीक लेन्ससह चालते आणि त्या बदल्यात चौकट थोडी कापली जाते. सोय नसेल तर दोघांना कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्या अंतरावर ठेवावे किंवा फोकस सावकाश न्यावा.

१५. जुनी मॅन्युअल लेन्स लावल्यावर कॅमेरा स्थिरीकरणासाठी नाभीय अंतर विचारतो. तेथे छापील आकडा द्यायचा की मोजलेला?

दोन-तीन टक्क्यांच्या फरकाने स्थिरीकरणात डोळ्याला दिसण्याजोगा बदल होत नाही, म्हणून छापील आकडा पुरतो. टेलिकन्व्हर्टर असेल तर मात्र गुणाकार करूनच द्यावा.

१६. लेन्स खरोखर बिघडली आहे असे कधी मानावे?

अनंतावरचे माप छापील आकड्यापासून पाच टक्क्यांहून बरेच दूर गेले, एकाच स्थितीत पुन्हा पुन्हा मोजून आकडा बदलत राहिला, किंवा चित्राची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर येऊ लागली, तर भिंगसमूह जागेवरून हलला असण्याची शक्यता असते. लेन्स पडली असेल तर ती शक्यता वाढते. दुरुस्तीला देताना प्रश्न १० मधील फोटो, अंतर आणि तुमचा हिशेब कागदावर लिहून सोबत द्यावा. ‘झूम कमी वाटते’ एवढेच सांगितले तर कारागीर प्रश्न ४ मधील उत्तर देऊन लेन्स परत करील.